माहिती वर जाते, खाली काय येतं?



भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, म्हणून जरा सवडीने लिहितोय. विषय शेतीचाच आहे, पण सुरुवातीला आडवळणाचा वाटेल. मोठ्या कंपन्यांमध्ये माहितीची यंत्रणा असते. किती माल आला, किती गेला, कोणाकडे किती येणं आहे, पुढच्या महिन्यात काय लागेल, हे सगळं एका ठिकाणी नोंदवायचं आणि त्यावरून धंद्याचा निर्णय घ्यायचा. आपल्याला वाटतं हे काम कॉम्प्युटरवाल्यांचं, आपण चिखलातली माणसं. पण मोजून बघा. ऑनलाइन सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक, पीक विमा, भात विक्रीची नोंदणी. यंत्रणा आपल्या बांधावर येऊन कधीच बसली आहे. माझा प्रश्न एवढाच की ती धंदा कोणाचा सुधारते.

आधी आपल्या गावच्या दुसऱ्या धंद्याकडे बघू. जोहे, हमरापूर, कळवे ही गावं गणपतीची. पुतण्याचा छोटा कारखाना आहे. आधी एक लांबडी वही होती, आता तेच सगळं तो मोबाईलमधल्या तक्त्यात लिहितो. कुठल्या साच्याचे किती नग काढले, कच्चे किती, रंगवलेले किती, आखणी कितींची बाकी, कोणाचा ॲडव्हान्स आला, कोणाचा नुसता शब्द आहे. गिऱ्हाईक फोन करून विचारतं, दोन फुटी बैठी मूर्ती पन्नास नग मिळतील का. हा अर्ध्या मिनिटात सांगतो. पूर्वी माळ्यावर चढून मोजायला लागायचं, आणि गडबडीत एकच माल दोघांना सांगितला जायचा, मग भांडण.

मी त्याला म्हटलं, एवढं लिहीत बसतोस, कंटाळा नाही का येत? तर म्हणतो, "काका, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी गणपती कोण घेतो? राहिला तो माल वर्षभर माळ्यावर. मला आजच कळायला पाहिजे काय राहणार आहे ते."

ह्या उत्तरात सगळं आलं. तोच लिहितो, तोच वाचतो, आणि चुकीचं लिहिलं तर नुकसान त्याचंच. म्हणून त्याचा तक्ता खरा असतो. त्याला कोणी सक्ती केलेली नाही, शेवटची तारीख दिलेली नाही.

आणि माहिती नसली की धंद्याचं काय होतं, तेही ह्याच गावांनी २०२५ मध्ये बघितलं. पीओपीच्या मूर्तींबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना २०२० पासून होत्या. ३० जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या काटेकोर पाळा म्हणून आदेश दिला. ९ जूनला न्यायालयाने मूर्ती करायला आणि विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनाचा प्रश्न वेगळा ठेवला. चतुर्थी होती २७ ऑगस्टला. म्हणजे जानेवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत, ऐन माल काढायच्या दिवसांत, साचे भरायचे का नाही हे ठरवायला कोणाकडे धड आधार नव्हता. मोबाईलवर रोज नवा मेसेज, एक म्हणतो बंदी, दुसरा म्हणतो उठली. शाडू बरा की पीओपी बरा ह्या वादात मी इथे पडत नाही, त्याला वेगळा लेख लागेल. सांगायचं एवढंच, की पुतण्याचा तक्ता कितीही चोख असला तरी बाहेरची माहिती वेळेवर आली नाही तर तो तक्ता अर्धाच.

आता भाताकडे येतो.

भात हमीभावाने विकायचं तर काय लागतं? सातबाऱ्यावर ह्या हंगामाची भाताची नोंद, आधार, बँकेचं पासबुक, आणि पोर्टलवर नोंदणी. आपल्या भागात खरेदी मार्केटिंग फेडरेशनमार्फत होते. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. त्याच्या आधीच्या हंगामात २३०० होता. खळ्यावर येऊन नेणारा व्यापारी मला दोन हजाराच्या आतबाहेर सांगत होता. चाळीस क्विंटल विकायचे धरले तर फरक चौदा-पंधरा हजारांचा. ही रक्कम सरळ सरळ एका नोंदीवर लटकलेली आहे. नोंद असेल तर केंद्राचा रस्ता उघडा, नसेल तर व्यापारी सांगेल तो भाव.

ही नोंद पूर्वी तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आपणच मोबाईलवर करायची सोय झाली. कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. चावडीत बसून अंदाजाने 'भात' लिहिण्यापेक्षा शेतात उभं राहून फोटो काढलेला केव्हाही बरा. पण आमच्या खारीच्या मधोमध नेट नसतं, बांधावर चढून मोबाईल वर धरून उभं राहावं लागतं. ज्याच्याकडे साधा फोन आहे तो शेजारच्या पोराच्या मागे फिरतो. ठीक आहे, हेही निभावून नेतो आपण.

खरी अडचण वेगळी आहे. यंत्रणेला नाव दिसतं, हात दिसत नाहीत. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात. निम्मी मुंबईला, दोन-चार वारलेली, वारसनोंद बाकी. कसतो एकजण. खत त्याचं, मजुरी त्याची, रात्री उघाडीवर बॅटरी घेऊन जाणारा तो. पण नोंदणीला गेला की विचारतात, बाकीच्यांचं संमतीपत्र कुठे? दुसऱ्याची जमीन अर्धेलीने करणाऱ्याचे हाल तर विचारूच नका. २०२४-२५ च्या हंगामाला सरकारने भात उत्पादकांना हेक्टरी २० हजार, दोन हेक्टरपर्यंत, प्रोत्साहन रक्कम जाहीर केली. चांगलं केलं. पण ती नोंदणी असलेल्याच्या खात्यात जाते, आणि नोंदणी सातबाऱ्यावरच्या नावाने होते. कसणाऱ्याला त्यातलं काही मिळालंच तर ते घरातल्या समजुतीने.

तरुण पोरांना वाटतं, एका रकान्याचं काय एवढं? त्यांच्यासाठी जुनी गोष्ट सांगतो, आपल्याच जिल्ह्याची आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ ते १९३९ शेतकऱ्यांचा संप चालला. नारायण नागू पाटील पुढारी. खोताला पिकातला वाटा द्यायचा, वर आणखी काय काय द्यायचं, बाकी किती राहिली, हे खोताच्या वहीत. ती वही कुळाला वाचता यायची नाही. वही हीसुद्धा त्या काळातली माहितीची यंत्रणाच की. धंदा खोताचा, नोंद खोताची, राबणारा कूळ. लोकांनी जमिनी पड टाकल्या, उपाशी राहिले, पण हटले नाहीत. पुढे कूळकायदे आले, आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो मालक होणार. आता तो कसत होता हे ठरवायचं कशावरून? नोंदीवरून. ज्यांची नावं लागली होती त्यांची पोरं आज सातबारा काढतात. ज्यांची नव्हती त्यांची काही घरं अजून कोर्टात खेपा घालतात. म्हणून म्हणतो, नोंदीला कागद समजू नका.

आणि हीच गोष्ट आज खारीत नव्याने घडते आहे, म्हणून मला हे लिहावंसं वाटलं.

आपल्या पेण तालुक्यातल्या खारीला पाणी दोन बाजूंनी येतं. एक वरून, एक खाडीतून. वरच्या पाण्याची यंत्रणा सरकारने चांगली उभी केली आहे. महसूल मंडळाला स्वयंचलित हवामान केंद्र, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी. आकडा आपोआप जातो, कोणाला हात जोडायला लागत नाही. पण अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाने बांधाला खांड गेली आणि खारं पाणी भातात शिरलं, तर त्या केंद्रावर काय दिसतं? काही नाही. पाऊस शून्य. आकाश निरभ्र, आणि शेत पाण्याखाली. उधाण राज्याच्या आपत्तींच्या यादीत आहे, नाही असं नाही. पण पावसाला जसं यंत्र आहे तसं उधाणाला आमच्या बांधावर यंत्र नाही. तिथे माणसानेच येऊन पंचनामा करायचा, आणि माणूस येईपर्यंत ओहोटीला पाणी उतरून गेलेलं असतं. वरून पीक हिरवंच दिसतं. आठ-दहा दिवसांनी पिवळं पडतं तेव्हा पंचनाम्याचे लोक दुसरीकडे गेलेले असतात.

गंमत म्हणजे उधाण ही सगळ्यात आधी सांगता येणारी आपत्ती आहे. पाऊस चुकेल, उधाण चुकत नाही. आपल्या म्हाताऱ्यांचा हिशोब साधा होता, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास, थोडं इकडे तिकडे. ना नेट लागत, ना ॲप. त्यावरून उघाडीवर कोण जाणार, रात्रीची भरती असेल तर बांधावर कोण झोपणार, हे गावात ठरायचं. खांड दिसली की हाक जायची आणि घरटी एक माणूस चिखल टाकायला यायचा. १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला, पुढे १९७९ चा आला, हळूहळू बांध सरकारचे झाले. तेव्हापासून हिशोब पंचांगात राहिला आणि बांध खात्यात गेला. दोघांची गाठ पडत नाही.

मग पुढे काय होतं बघा. एक वर्ष खांड गेली, भात गेलं. दुसऱ्या वर्षी माती खारट, पनवेल-३ सारखी खार सोसणारी जातही धड उतरत नाही. तिसऱ्या वर्षी माणूस कंटाळून पेरतच नाही. पीक पाहणीत 'पड' लागते, तीही खरी नोंद आहे, खोटं कोणी लिहिलेलं नाही. मग तिथे तिवरं उगवतात. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच पाहिजे, खाडीकाठी राहणाऱ्याला त्याचा उपयोग माहीत आहे. पण उपग्रहाच्या नकाशात आता तिथे हिरवं कांदळवन दिसतं, सातबाऱ्यावर माझ्या आज्याचं नाव दिसतं, आणि पिकाच्या रकान्यात पड दिसते. तीन यंत्रणा, तीन उत्तरं. बांध फुटला होता आणि तो कोणी बांधला नाही, हे चौथं उत्तर कुठल्याच यंत्रणेत नाही. ती जमीन पुन्हा भाताखाली आणायची म्हटलं तर पहिला प्रश्न येणार, इथे शेती होती ह्याला पुरावा काय?

असं नका समजू की मी मोबाईलच्या विरोधात आहे. चांगलं काम झालेलं आहे आणि आपल्याच राज्यात झालेलं आहे. वारणानगरचं उदाहरण घ्या. १९९८ मध्ये वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर-सांगलीच्या ७० गावांत, सरकारने संगणक केंद्रं बसवली. शेतकरी जगभरची माहिती बघतील, पिकांचा सल्ला घेतील, असं स्वप्न होतं. झालं काय, तर शेतकरी तिथे मुख्यतः स्वतःच्या उसाचं बघायला यायचे. माझ्या उसाचं वजन किती भरलं, खताचं माझ्या नावावर किती लागलं. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून बघितलं, आणि ते चाललं. कारण शेतकऱ्याला लागणारी माहिती दोन ओळींची होती. वारणेच्या शेतकऱ्याने दिलेली माहिती त्याच्याकडे परत येत होती, त्याच्या उपयोगाच्या रूपात.

दुसरं उदाहरण केरळच्या मासेमाऱ्यांचं. १९९७ ते २००१ च्या दरम्यान तिथल्या किनाऱ्यावर मोबाईल आले. होडी समुद्रात असतानाच कुठल्या बंदरावर तारलीला काय भाव आहे ते कळायला लागलं. एका बंदरावर मासळी फेकून द्यायची आणि शेजारच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाती, हा प्रकार थांबला. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अभ्यासकाने मोजलं तर मच्छीमाराचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त पडली. पण हे भाताला जसंच्या तसं लागू करू नका. होडीचं तोंड वळवता येतं. भात टेम्पोत भरून केंद्रावर नेलं आणि तिथे कळलं बारदान संपलंय, तर टेम्पोचं भाडं दोनदा बसतं. नायतर तिथेच रात्र काढा.

मागच्या एका हंगामात मी भात नेलं, तिथल्या यंत्राने ओलावा अठराच्या वर दाखवला. १७ टक्क्यांच्या वर घेत नाहीत, नियम आहे, घेणाऱ्याचा दोष नाही. पण तो आकडा मला माझ्या खळ्यावर कळला असता तर एक दिवस ऊन दाखवून नेलं असतं. ओलावा मोजायचं यंत्र ग्रामपंचायतीत एक ठेवलं तर सगळ्या गावाचं काम होईल. ही सुद्धा माहितीचीच यंत्रणा, आणि सगळ्यात स्वस्त.

आपल्याकडून वर काय काय जातं ते वर लिहिलंच आहे. खाली काय येतं? 'आपली नोंदणी यशस्वी झाली.' एवढंच. कोणत्या दिवशी माझा नंबर, केंद्रावर बारदान आहे का, गोदामात जागा आहे का, पैसे कुठे अडकले, हे विचारायला अजून स्वतः जावं लागतं नायतर ओळखीच्या माणसाला फोन करावा लागतो. ओळख असणाऱ्याला माहिती मिळते, नसणाऱ्याला रांग.

वर नुसतीच माहिती गोळा होत राहिली आणि खाली कोणी पडताळली नाही तर काय होतं, हे पीक विम्याने दाखवलं. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता. राज्यात ठिकठिकाणी बोगस अर्ज सापडले, ज्या जमिनीत पीकच नाही तिचाही विमा. शेवटी २०२५ मध्ये ती सोय बंद झाली आणि खऱ्या शेतकऱ्यालाही खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता पडायला लागला. गावातल्या पाच माणसांपुढे यादी वाचून दाखवली असती तर खोटी नावं तिथेच गळाली असती. कोणाच्या शेतात काय आहे हे गावाला माहीत असतं.

माझं म्हणणं असं आहे. पीक पाहणी संपली की गावची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, गट नंबर, पीक, क्षेत्र. हरकत असेल तो आठ दिवसांत सांगेल. सातबाऱ्यावरच्या मालकाच्या हक्काला धक्का न लावता, ह्या हंगामात प्रत्यक्ष कोण कसतंय ह्याची वेगळी नोंद ठेवा आणि मदत त्याच्याकडे जाऊ द्या. मालक लोकांना ह्यात कूळ लागायची भीती वाटते, मला माहीत आहे, म्हणूनच नोंद एका हंगामापुरती आणि तसं स्पष्ट लिहून. खरेदी केंद्राने रोज सकाळी दोन ओळींचा मेसेज टाकावा, बारदान किती, आज कोणाचा नंबर. आणि खारीच्या मोठ्या उघाडीवर पाण्याची पातळी दाखवणारी रंगवलेली पट्टी तरी बसवा. उधाणाला गावच्या पोराने तारीख-वेळेसकट फोटो काढला तर पंचनाम्याला आधार होईल.

सरकार करील तेव्हा करील. तोपर्यंत मी एक साधी वही घातली आहे. गट नंबर, लावणीची तारीख, बियाणं, मजुरी, किती भारे, किती क्विंटल, कोणाला काय भावाने. आणि शेवटच्या रकान्यात तिथी, भरतीची वेळ, पाणी बांधाच्या किती खाली होतं. पाणी वर आलं त्या दिवशी मोबाईलवर फोटो. ज्या गटात पाणी शिरून पीक गेलं, तिथे पीक पाहणीत पड लागली तरी तलाठी कार्यालयात आणि खारभूमीच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची, की ही पड बांध फुटल्यामुळे आहे. पोच वहीत चिकटवायची. ज्यांची खांड अजून उघडी आहे त्यांनी हा अर्ज ह्या महिन्यात द्या, एकेकट्याने नको, सगळ्या गटांचे नंबर एका कागदावर घालून सह्यांनिशी. अर्जाचा नमुना मी लिहून ठेवला आहे, ज्यांना पाहिजे त्यांनी संध्याकाळी घरी या, झेरॉक्स काढून देतो.